सुपरचार्जरवाल्या गाडीचा फ्युएल पंप बदलायचाय? आधी मोजा, मागीर पंप घ्या

गेल्या दीड-दोन वर्षांत गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोली इकडची चार-पाच पोरं सुपरचार्जर बसवलेली गाडी घेऊन माझ्याकडे आली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, दादा कुठला पंप घेऊ, तासाला २५५ लिटरवाला की ४५०? मी उलट विचारतो की बूस्टमध्ये, म्हणजे सुपरचार्जर हवा दाबून भरत असताना, रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपवर) प्रेशर किती राहतं आणि पंपाच्या प्लगला व्होल्ट किती मिळतात, तर उत्तर कुणाकडेच नसतं. पंप मात्र मागवून झालेला असतो. फोंड्याला आमचे एक मेस्त्री आहेत, खाणी जोरात होत्या तेव्हा टिपरांचे डिझेल पंप खोलण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, ते एकच वाक्य बोलतात, "बाबा, आदी मेज, मागीर घे", आधी मोज, मग घे. हे सगळं मी त्याच क्रमाने लिहितोय.

माझी गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, १५०० सीसी, कंपनीतून १०६ बीएचपी. तिच्यावर मिनी कूपर एसचा इटन एम४५ ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर, आहे, दुबईला असलेल्या मावसभावाने आणलेला, आणि बूस्ट ७-८ पीएसआय. खालचे आकडे या गाडीचे आहेत पण पद्धत कुठल्याही रिटर्न लाइनवाल्या गाडीला चालेल. रिटर्न लाइन म्हणजे रेलवर प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर असतो आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जातं ती. ज्या गाड्यांना ती नाही त्यांच्याबद्दल खाली थोडं बोललोय.

कायद्याचं आधीच सांगतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही गाडीत केलं तर भानगड होते, सुप्रीम कोर्टानेही २०१९ साली तेच सांगितलंय, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच बघणार. आरटीओत विचारल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर काढू नका, ट्रॅकसाठी ठेवत असाल तर ट्रेलरवर न्या.

मुळात पंप कमी पडतो म्हणजे काय होतं

सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो, त्या हवेच्या मापात पेट्रोल आलं नाही की मिक्श्चर लीन होतं, लीन झालं की आतलं तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली ती बारीक कड असते ना, ती तुटते. हे हळूहळू होत नाही, एका गिअरच्या खेचीत होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. टर्बोपेक्षा सुपरचार्जरचा फरक असा की ब्लोअर बेल्टवर फिरतो, म्हणजे तो स्वतः इंजिनची पॉवर खातो, आणि ती पॉवर बनवायलाही पेट्रोल लागतं. म्हणून चाकाला मिळणाऱ्या पॉवरवरून पंप काढायचा नाही, क्रँकच्या पॉवरवरून काढायचा आणि सुपरचार्जरचा खप धरून काढायचा.

हिशोब सोपा आहे. साध्या इंजिनला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २२० ते २३० ग्रॅम पेट्रोल धरतात, सुपरचार्जरवाल्याला मी २७० धरतो. माझं टार्गेट १६० हॉर्सपॉवर. १६० गुणिले २७० म्हणजे ४३.२ किलो तासाला. पेट्रोलचं एक लिटर साधारण ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे ५८ लिटर तासाला. आता पेट्रोल पंपावर जे मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ताकद असते, म्हणून सात टक्के वर धरा, ६२-६३ झाले. त्यावर २५ टक्के मार्जिन, पंप जुना होतो, फिल्टर भरतो, मे महिन्यात टाकीतलं पेट्रोल तापतं. झाले ८० लिटर. म्हणजे मला ५२ पीएसआय प्रेशरला तासाला ८० लिटर देणारा पंप हवा, बस.

५२ कुठून आलं ते सांगतो. माझं बेस प्रेशर ३ बार म्हणजे ४३.५ पीएसआय. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नोजल) एका बाजूने रेलमध्ये नि दुसऱ्या बाजूने मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) उघडतो, मॅनिफोल्डमध्ये ८ पीएसआय बूस्ट आला की तो पेट्रोलला उलटा ढकलतो, म्हणून रेलचं प्रेशरही ८ ने वर जायला पाहिजे, ५१.५. नाही गेलं तर इंजेक्टरला मिळणारा फरक ३५.५ राहतो आणि पेट्रोल जवळपास दहा टक्के कमी पडतं. दहा टक्के म्हणजे ती कड तुटायला पुरेसे.

आणि पंपाच्या डब्यावर २५५ लिहिलेलं असतं ते साधारण ४० पीएसआय आणि १३.५ व्होल्टचं असतं. प्रेशर वाढलं की फ्लो पडतो, व्होल्ट पडले की आणखी पडतो. म्हणून कंपनीचा फ्लो चार्ट काढा आणि तुमच्या प्रेशरच्या रेषेवर बोट ठेवून बघा, डब्यावरचा आकडा विसरा.

मोजायचं कसं

तीन गोष्टी लागतात. ० ते १०० पीएसआयचा फ्युएल प्रेशर गेज, एक साधा मल्टिमीटर आणि वाइडबँड ओटू, म्हणजे मिश्रण लीन आहे की रिच ते दाखवणारा सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर. वाइडबँड नसेल तर सुपरचार्जरवाली गाडी दाबूच नका, इथे मी कुणाचं ऐकत नाही.

गेज रेलला किंवा फिल्टरच्या बँजोला (पोकळ बोल्टच्या जोडाला) टी टाकून लावा. गाडी आयडलवर, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बोटाने बंद करा, जो आकडा दिसतो ते बेस प्रेशर. नळी परत लावली की ते खाली यायला पाहिजे. मग डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवतात ते यंत्र) एक पुल, म्हणजे फुल थ्रॉटलची एक खेच, घ्या आणि गेजवर मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवा. प्रेशर बूस्टबरोबर चढलं आणि वरपर्यंत टिकलं, तरी वाइडबँड लीन दाखवतोय? मग पंपाचा दोष नाही, इंजेक्टर लहान आहेत किंवा ट्यून (गाडीच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची सेटिंग) चुकलंय, इंजेक्टर ड्यूटी, म्हणजे इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो, ती ८५ टक्क्यांच्या वर गेली असेल तर कितीही मोठा पंप लावून काही होणार नाही. प्रेशर बेसच्या वर चढलंच नाही, तर रेग्युलेटरला बूस्ट कळतच नाहीये. आणि चढून मग ५००० च्या वर घसरायला लागलं तर तिथे पंप, वायर, फिल्टर किंवा टाकीतली जाळी, या चौघांपैकी कुणीतरी.

डायनोऐवजी रात्री मोपा विमानतळाच्या लिंक रोडवर टेस्ट करू असं म्हणणारे खूप भेटतात. नको. तिथे रात्री ड्युटीवरून घरी जाणारी माणसं स्कूटरवर असतात, आणि गेजकडे बघत १४० ने जाणारा माणूस समोर काय आहे ते बघत नसतो.

रेग्युलेटरला बूस्ट न कळणं यात सुपरचार्जरवाल्यांची एक खास चूक आहे आणि ती माझ्या गाडीत माझ्याच हातून झाली होती. एम४५ सारख्या ब्लोअरमध्ये बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी असते, हवा थ्रॉटलमधून ब्लोअरमध्ये आणि ब्लोअरमधून मॅनिफोल्डमध्ये. कंपनीच्या जुन्या रचनेत व्हॅक्यूमची नळी थ्रॉटल बॉडीच्या मागच्या निपलला असली तर आपण सवयीने ती तिथेच लावतो, पण आता ते निपल ब्लोअरच्या आधी आलंय, तिथे बूस्ट कधी येणारच नाही, व्हॅक्यूम नाहीतर जास्तीत जास्त शून्य. नळी ब्लोअरच्या नंतरच्या मॅनिफोल्डवरूनच घ्यायची, शक्यतो रेग्युलेटरसाठी वेगळी, दुसऱ्या कशाला फांदी न काढता, आणि दोन्ही टोकांना झिप टाय. व्हॅक्यूमला नळी स्वतःच ओढून बसते पण बूस्टमध्ये ती उडते. माझं प्रेशर दोन महिने ४३ वरच अडकलेलं होतं आणि मी पंपाला शिव्या देत होतो.

व्होल्ट

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे नि सगळ्यात जास्त लोक हाच सोडतात. पंपाच्या प्लगवर, पंप चालू असताना, मल्टिमीटर लावा, आणि त्याच वेळी बॅटरीवर किती आहेत तेही बघा. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी वायर बदला. वीस वर्षं जुन्या गाडीत कंपनीची बारीक वायर, मध्ये चार कनेक्टर, इग्निशन स्विच, मेन रिले असा सगळा प्रवास करून करंट मागे पोचतो, आणि आपल्याकडची हवा, समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटर आत असलात तरी पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या होतातच. माझ्या गाडीत बॅटरीला १३.८ असताना पंपाला १२.३ होते. दीड व्होल्ट वाटेत गेले.

मोठा पंप जास्त करंट खेचतो, म्हणजे त्याच वायरवर पडझड आणखी वाढते. १ स्क्वेअर एमएमच्या वायरला पाच मीटरमध्ये १० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट जातात, ४ स्क्वेअर एमएमला पाव व्होल्टच्या आसपास. फरक बघा.

करायचं असं. बॅटरीच्या प्लसवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून एका वितीच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, मग मागे डिकीत किंवा मागच्या सीटखाली ४० अँपिअरचा रिले. रिलेच्या ३० नंबरला ही वायर, ८७ वरून पंपाचा प्लस, ८५ ला अर्थ, आणि ८६ ला पंपाची जुनी कंपनीची प्लस वायर. म्हणजे जुनी वायर आता पंप चालवत नाही, फक्त रिले ओढते. हे असंच करायचं, स्विच टाकून डायरेक्ट करायचं नाही. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंप बंद करतो, ती सोय तुमच्या स्विचने मारून टाकली तर तुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल ओततच राहील. पंपाचा अर्थही तेवढ्याच जाडीचा, बॉडीचा रंग खरवडून बोल्टला, वर ग्रीस. बोटींना वापरतात ती कल्हई केलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, साधी तांब्याची वायर आपल्याकडे दोन पावसाळ्यांत आतून काळी पडते, बाहेरून कळतही नाही.

हे नुसतं रिलेचं काम केल्यावर, जुन्याच पंपाने किती फरक पडला तो आम्ही मोजला. पद्धत सांगतो, सोपी आहे. रेलची रिटर्न नळी काढून मापाच्या पत्र्याच्या डब्यात सोडायची, पंप रिले जंप करून बरोबर ३० सेकंद चालवायचा, डब्यात किती आलं ते बघायचं आणि १२० ने गुणायचं, तासाचा फ्लो मिळाला. आणि बूस्ट कुठून आणायचा? सायकलचा पंप. गेजवाला सायकल पंप रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम निपलला लावला आणि हळूच ८ पीएसआयपर्यंत नेला की रेलचं गेज ४३ वरून ५१ वर चढताना डोळ्यांसमोर दिसतं. मेस्त्री पंप मारत होते, मी घड्याळ धरून होतो. जुनी वायर, जुना पंप: अर्ध्या मिनिटात ५२० मिली, म्हणजे तासाला ६२ लिटर. नवीन वायर, तोच पंप: ६१० मिली, ७३ लिटर. एक रुपयाचा पंप न घेता अकरा लिटर मिळाले. मला ८० हवे होते म्हणून पंप बदलावा लागलाच, पण तुमचं टार्गेट १४० हॉर्सपॉवरचं असेल तर कदाचित इथेच थांबाल.

ही टेस्ट करताना सगळ्या वायरी आधी जोडायच्या, पेट्रोलची नळी त्यानंतर उघडायची, म्हणजे ठिणगी पडलीच तर पेट्रोल उघडं नसताना पडेल. आणि इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत, डबा बॉडीला वायरने जोडून.

कुठला पंप

आमच्या हिशोबाला १९० लिटरवाला पुरून उरला. २५५ स्वस्तात मिळतो नि सगळे तोच सांगतात, वॉल्ब्रोचा जीएसएस ३४२ तर या कामात जगभर चालतो, पण फार मोठा पंप घेण्याचे तोटे कुणी सांगत नाही. आयडलला इंजिनला लागतं तासाला लिटरभर, बाकी सगळं रिटर्न लाइनने परत जातं. ती लाइन कंपनीने बारीक दिलेली असते, तिच्यातून मावलं नाही की रेलचं प्रेशर तुंबतं, रेग्युलेटर पूर्ण उघडूनही ४३ चं ५० होतं आणि आयडलला गाडी काळा धूर टाकते. दुसरं, एवढं पेट्रोल गरम इंजिनजवळून सारखं फिरून टाकीत गेलं की टाकी तापते, मे महिन्यात चोर्ला घाट चढताना पाव टाकीवर असाल तर हे जाणवतं. ४५० वाला पंप १५ अँपिअरच्या वर खेचतो, त्याला वायर-फ्यूज सगळंच वेगळं. तो मोठ्या पॉवरच्या गाड्यांसाठी आहे. आपल्या १५००-१६०० सीसीच्या गाड्यांना नको.

नकली पंपांचा सुळसुळाट आहे, हे लक्षात ठेवा. ऑनलाइन निम्म्या किमतीत वॉल्ब्रोच्या नावाचा पंप दिसला की थांबा. बॉडीवर लेझरने कोरलेला नंबर असतो, स्टिकर नसतो, आणि अधिकृत डीलरकडून बिलासकट घ्या. पहिल्यांदा मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेला पंप त्याच डब्याच्या टेस्टमध्ये जुन्या पंपापेक्षा थोडाच बरा निघाला. गाडीत बसवायच्या आधी मोजला म्हणून वाचलो.

ई२० साठी चालतो का तेही बघून घ्या, पंप आणि त्याबरोबरचे रबर दोन्ही. जुन्या गाड्यांचे रबरी भाग या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते.

बदलताना

टाकी पावच्या खाली आणा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी स्टार्ट करा, ती आपोआप बंद पडेल, दोनदा सेल्फ मारा, लाइनमधलं प्रेशर गेलं. मग बॅटरीचा मायनस काढा. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम कधीच करायचं नाही, आणि पावसाला म्हणून शटर ओढूनही नाही. पाऊस असेल तर काम दुसऱ्या दिवशी. डीसीपी पावडरचा सिलिंडर हाताशी, गाडीच्या आत नाही. कपडे सुती.

बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसतं. झाकण काढल्यावर लगेच रिंगला हात घालू नका, आधी ब्रश आणि व्हॅक्यूमने सगळी माती काढा, डिचोली-वाळपईकडच्या गाड्यांत तर तांबड्या मातीचा थर असतो, रिंग फिरली की तो सरळ टाकीत. रिंग सोडवायला पितळेचा दांडा नि हातोडा, लोखंड नको, ठिणगी पडते. असेंब्ली काढायच्या आधी मार्करने तिची दिशा खुणावून ठेवा. वर ओढताना तिरकी करावी लागते कारण बाजूला पेट्रोल मीटरचा फ्लोट असतो, तो वाकला की पुढे कायम चुकीची टाकी दाखवणार.

आता टॉर्चने टाकीत बघा, टॉर्च सील असलेला, उघडा बल्ब नाही. ई२० पाणी ओढून घेतं, गाडी महिनोन्महिने उभी असेल तर तळाला पाण्याचा वेगळा थर बसतो, त्यात गंजाचा गाळ. आमच्या टाकीच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखा थर होता, तो काढल्याशिवाय नवीन पंप आत टाकला असता तर जाळी आठवड्यात बंद झाली असती.

जुना पंप काढायच्या आधी एक माप घ्या, वरच्या प्लेटपासून जाळीच्या तळापर्यंत किती मिलिमीटर. नवीन पंप बसवल्यावर तेच माप यायला पाहिजे. आमचा नवीन पंप जाडीला कमी होता, ब्रॅकेटमध्ये हलत होता, म्हणून बेळगावला उद्यमबागेत लेथवर ॲल्युमिनियमची एक बुश फिरवून घेतली आणि मधे कंपनीचं रबर ठेवलं. रबर काढू नका, नाहीतर पंपाची घरघर सीटमध्ये येते. आणि जाळी वर राहिली तर वळणावर पाव टाकीत पंप हवा ओढतो, मग बूस्टमध्ये एक क्षण पेट्रोलच नाही.

आता ती नळी. पंपाच्या तोंडापासून वरच्या प्लेटच्या पाइपपर्यंत जी बोटभर लांबीची नळी जाते, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. दुकानात इंजेक्शनची फ्युएल होज मागितली की जे३०आर९ मिळते, चांगली नळी आहे, पण ती आतून पेट्रोल वाहायला बनवलेली, बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहायला नाही. टाकीच्या आत एसएई जे३०आर१० लिहिलेलीच नळी लागते. एका दुकानदाराने मला "सगळं तेच" म्हणून साधी दिली नि मी लावली. तीन आठवड्यांनी प्रेशर ५० वरून ४४ वर यायला लागलं, फक्त वरच्या आरपीएमला. असेंब्ली परत काढली तेव्हा नळी बाहेरून फुगून जवळपास दीडपट झालेली, दाबली तर बोटाचा ठसा राहत होता, आणि क्लँपच्या कडेला एक बारीक चीर. त्या चिरेतून पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत पडत होतं. बाहेर थेंब नाही, वास नाही. म्हणून कळायला एवढे दिवस लागले. आर१० नळी महाग असते, मीटरवर नाही तर फुटावर विकतात, तुम्हाला अर्धा फूट पुरतो. घ्या. क्लँपही इंजेक्शनचेच, गोल कडेचे, भोकं पाडलेली पट्टी असते ती नळी कापते.

टाकीतल्या वायरीचंही तसंच. साधी पीव्हीसीची वायर पेट्रोलमध्ये कडक होऊन तडकते. पंपाबरोबर आलेलीच वायर वापरा, जोड द्यायचाच तर क्रिंप करून द्या, इन्सुलेशन टेप आत अजिबात नको, तिचा गोंद विरघळून जाळीत जातो.

वरचा मोठा ओ-रिंग नवीन टाका. जुना बसला तरी परत लावू नका, इथेनॉलने तो फुगलेला असतो. फिल्टरही याच वेळी नवीन, बाणाची दिशा बघून.

रेग्युलेटर, आणि रिटर्नलेस गाड्या

कंपनीचा रेग्युलेटर चांगला असेल तर छोट्या बूस्टला तो बूस्टबरोबर चढतोच, सायकल पंपाच्या टेस्टमध्ये ते कळतं. चढत नसेल किंवा जुना झाला असेल तर एकास-एक चढणारा ॲडजस्टेबल घ्या. जुन्या स्वस्त किटबरोबर एक वेगळा डबा यायचा, एक पीएसआय बूस्टला दहा-बारा पीएसआय पेट्रोल चढवणारा. छोटे इंजेक्टर तसेच ठेवून जास्त पेट्रोल ढकलायची ती युक्ती होती. ८ पीएसआयला रेल शंभराच्या वर जायला बघते आणि तिथे पंपाचा फ्लो कोसळतो. तो डबा काढून टाका, मोठे इंजेक्टर आणि नीट ट्यून करा.

रिटर्नलेस गाडीत रेग्युलेटर टाकीतच असतो, त्याला बूस्टचं काही कळत नाही, ट्यूनमध्ये तेवढं धरावं लागतं किंवा रिटर्न लाइन टाकून घ्यावी लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या आणि ईसीयू ज्यांचा पंप कमी-जास्त वेगाने चालवतो त्या गाड्यांत वर सांगितलेला रिले लावू नका, तो कंट्रोल मोडतो. त्यांच्यासाठी त्या गाडीचाच जाणकार शोधा.

चालू करताना

असेंब्ली आत, रिंग टाइट, झाकण अजून उघडंच ठेवा. चावी ऑन करा, पंप दोन सेकंद चालेल, ऑफ. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी वरच्या जोडांवर पांढरा टिश्यू फिरवा, ओला झाला तर तिथेच थांबा. मग स्टार्ट करून दहा मिनिटं आयडल, परत टिश्यू. मग बेस प्रेशर बघा, बदललं असेल तर परत ४३.५ ला आणा, आणि डब्याची टेस्ट पुन्हा करा. आमच्या १९० वाल्याने सायकल पंपाच्या ८ पीएसआयवर अर्ध्या मिनिटात १.१ लिटर दिलं, तासाला १३२.

इथून पुढे ट्यूनिंग. प्रेशर बदललं म्हणजे जुना मॅप उपयोगाचा नाही. फुल थ्रॉटल बूस्टमध्ये मी लॅम्डा (बरोबरच्या मिश्रणाला १ धरून काढलेला आकडा, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास ठेवतो. एएफआरचे, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे, आकडे बघू नका, लॅम्डा बघा, कारण ई२० चं बरोबरचं मिश्रण साडेतेराच्या आसपास असतं, १४.७ नाही, आणि गेजवाल्याला तुम्ही कुठलं पेट्रोल टाकलंय ते माहीत नसतं.

फिल्टर ५०० किलोमीटरनंतर परत बदला, टाकीतला हललेला गाळ त्यात येतो. चवथ झाली, पाऊस ओसरला की रिलेचा अर्थ आणि पंपाचा प्लग एकदा उघडून व्होल्ट मोजा. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवलीये, तारीख, बॅटरीचे व्होल्ट, पंपाचे व्होल्ट, बेस प्रेशर, डब्यातले मिली. गेल्या ऑक्टोबरला पंपाचे व्होल्ट १३.५ वरून १३.० वर आलेले दिसले, अर्थचा बोल्ट काढला तर खाली पांढरी भुकटी. घासला, ग्रीस लावलं, परत १३.५.